गाडीचं दुखणं : वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

या वेळी पत्रांचा ढीग पडलाय आणि त्यातली निम्मी एका ओळीची आहेत. "गाडीतून आवाज येतो, काय करावं?" अहो कसला आवाज, पुढून का मागून, थंड गाडीला का गरम झाल्यावर, वळताना का खड्ड्यात, काही तरी लिहा. मागे एकांनी असंच लिहिलं होतं, शॉकअप बदलून झाले, लिंक रॉड बदलून झाले, आणि शेवटी ड्रायव्हर सीटखाली स्टीलची बाटली लोळत होती ती सापडली. म्हणून परत परत सांगतो, काय होतं यापेक्षा कधी होतं ते आधी लिहा. खाली घेतलेल्या पत्रांत निदान तेवढं तरी आहे.

कराडहून एक वाचक: २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेत. गावात काही त्रास नाही, पण चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात एसी चालू असला की काटा वर जातो, मागच्या वेळी तर बोनेटमधून वाफ आली, मुलं घाबरली. एक मिस्त्री म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागेल. पाणी तर मी दर आठवड्याला न चुकता टाकतो.

उत्तर: दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच रोग आहे. रेडिएटरचं पाणी दर आठवड्याला कमी व्हायला ती काय बैलगाडीवरची घागर आहे का? ती बंद सिस्टीम असते, वर्षभरात टाकीतली पातळी बोटभर हलली तरी खूप झालं. म्हणजे पाणी कुठून तरी जातंय, आणि ते कुठून जातंय हे न बघता एक जण रेडिएटर विकतोय आणि दुसरा हेड खोलायला बसलाय.

आधी घरी करायची कामं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी कुठे ओल दिसते बघा. पुढच्या सीटजवळचं मॅट उचलून हात लावा, तिथे चिकट ओल असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. वॉटर पंपाच्या खाली पांढरे-हिरवे ओघळ आहेत का बघा. मग थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून त्याचं रबर बघा, कडक झालं असेल, चिरलं असेल तर झाकण बदला. हे झाकण म्हणजे नुसतं बूच नाही, ते आतलं प्रेशर धरून ठेवतं आणि प्रेशर असलं की पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण ढिलं पडलं की घाटात, जिथे इंजिनवर लोड जास्त आणि गाडी सेकंड गिअरमध्ये रांगत असते, तिथे पाणी आधीच उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. रेडिएटरच्या पुढेच एसीचा कंडेन्सर असतो, त्याची गरम हवा थेट रेडिएटरवर येते, म्हणून एसी लावला की तुम्हाला जास्त जाणवतं.

आता हेडचं. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं असेल तर खुणा असतात. इंजिन चालू असताना कूलंटच्या, म्हणजे रेडिएटरच्या पाण्याच्या, टाकीत सतत बुडबुडे येतात, गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो आणि त्याला गोडसर वास असतो, सकाळी थंड गाडी चालू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा पाईप दगडासारखा कडक होतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखी साय दिसते हीसुद्धा खूण आहे, पण थंडीत नुसती जवळच्या जवळ गाडी फिरवली तरी थोडी साय धरते, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. चांगल्या गॅरेजमध्ये दोन टेस्ट करून मागा, एक कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट आणि दुसरी ती निळ्या पाण्याची, म्हणजे कूलंटच्या टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात आणि तो पिवळा झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय हे नक्की. या टेस्ट न करता कोणी हेड उतरवा म्हणालं तर हात जोडा आणि गाडी घेऊन निघा.

गळती नसेल तर क्रम असा: झाकण, मग थर्मोस्टॅट (पाणी तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), मग रेडिएटर काढून आतून सफाई, आणि नवीन रेडिएटर सगळ्यात शेवटी. साधं पाणी इतकी वर्षं टाकलंय म्हणजे आत गंज आणि क्षार नक्की बसलेत. सगळं फ्लश करून गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते कूलंट भरा, कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, घेतलं तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं निम्मं.

आणि परत घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात हीटर लावायला सांगतो म्हणून हसू नका, इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर निघते. जागा बघून थांबा. वाफ दिसली की मात्र लगेच इंजिन बंद, आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही, फडकं गुंडाळूनसुद्धा नाही. प्रेशर सुटलं की आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं, असे भाजलेले हात मी बघितलेत. तापलेल्या इंजिनवर बाटलीतलं गार पाणी ओतायचं नाही, हेसुद्धा लोक करतात.

कोथरूड, पुणे, निवृत्त शिक्षिका: मुलगा कॅनडात असतो, त्याची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. शेजारचे म्हणतात रोज पाच मिनिटं चालू करून बंद करत जा, ते मी नेमाने करते, तरी वर्षात दोनदा बॅटरी उतरली. मला गाडी चालवता येते पण रहदारीची भीती वाटते.

उत्तर: ताई, शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे पण सल्ला उलटा आहे. सेल्फ मारताना बॅटरीतून शंभराच्या वर अँपिअर जातात, आणि उभ्या गाडीत पाच मिनिटांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, ते धड भरूनसुद्धा देत नाही. म्हणजे तुम्ही रोज थोडी थोडी बॅटरी रिकामी करताय, नेमाने. वर इंजिन पुरतं तापत नाही म्हणून सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. रोजच्या पाच मिनिटांऐवजी आठवड्यातून एकदा रविवारी पहाटे सहाला, रस्ते मोकळे असताना, बावधन-पाषाणकडे वीस-पंचवीस मिनिटांची एक चक्कर मारून या. भीतीही जाईल.

इलेक्ट्रिशियनकडे मल्टिमीटर असतो, रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावून बघायला सांगा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ वर आली म्हणजे जवळजवळ संपली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं, नाही दिसलं तर दोष चार्जिंगमध्ये आहे, बॅटरी बदलून उपयोग नाही. मुलाने डॅशकॅम किंवा जीपीएस बसवलाय का तेही विचारा, ते गाडी बंद असतानाही वीज पीत बसतात. आणि दोनदा पूर्ण उतरलेली बॅटरी मनातून खचलेली असते, तिसऱ्यांदा उतरली तर बदलूनच टाका.

तुम्ही स्वतः दोन-तीन महिने कॅनडाला जाणार असाल तर वजा खुणेची, बहुतेक काळी वायर असते ती, काढून ठेवून जा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून महिनोन्महिने गाडी ठेवू नका, मागचे ब्रेक शू चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला वीट लावायची.

घोडबंदर रोड, ठाणे: बीएस सिक्स डिझेल एसयूव्ही, घर ते ऑफिस ६ किलोमीटर. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागतो. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो फिल्टर काढून रिमॅप मारू (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलू), कटकटच नको.

उत्तर: नको. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स हा प्रदूषणाचा नियम आला, तेव्हापासून डिझेल गाडीला हा फिल्टर आहेच. तो काजळी अडवतो आणि मग साधारण ६०० अंशांना ती आतल्या आत जाळून टाकतो. आता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ६ किलोमीटरमध्ये तेवढी उष्णता येणार कुठून? काजळी जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात तुमचं ऑफिस येतं, तुम्ही चावी काढता.

दिवा नुसता पिवळा, स्थिर असेल तर पहाटे नाशिक हायवेला लागा, पडघ्यापर्यंत जाऊन या, वेग ६०-८० च्या दरम्यान पण एक गिअर खाली, म्हणजे आरपीएम दोन हजारच्या वर राहील. अर्धा तास मध्ये न थांबता. बऱ्याचदा दिवा जातो. दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचाही दिवा आला, गाडी ओढेनाशी झाली, तर हायवेला नाही, सरळ वर्कशॉपला, तिथे कॉम्प्युटर लावून काजळी जाळून देतात. उभी केल्यावर कधी पंखा जोरात फिरतोय आणि आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वाढलंय असं दिसलं तर ते जाळणं चालू असतं, तेव्हा जमलं तर बंद करू नका.

एक गोष्ट गॅरेजवाले सांगत नाहीत. हे जाळणं अर्धवट राहत गेलं की बऱ्याच गाड्यांत जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला, आणि डीपीएफला चालणाऱ्या ग्रेडचंच घाला. फिल्टर काढणं बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते, आणि ती सगळी काजळी मागच्या रिक्षावाल्याच्या छातीत. राग मानू नका, पण ६ किलोमीटरच्या ऑफिसला डिझेल घ्यायलाच नको होतं.

नाशिकहून: २०१४ ची गाडी, अ‍ॅव्हरेज १७ द्यायची ती आता १५ वर आली. हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलमुळेच ना? बाटलीतलं औषध टाकू का?

उत्तर: थोडं इथेनॉलमुळे, सगळं नाही. हिशोब करून बघू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट, आणि आधी १० टक्क्यांचं पेट्रोल तुम्ही वापरतच होता, त्याच्या तुलनेत तीन-चार टक्के. १७ चे साडेसोळा, फार तर सोळा झाले असते. तुमची घट बारा टक्क्यांच्या जवळ आहे, उरलेली दुसरीकडे कुठे तरी आहे आणि इथेनॉलला शिव्या देण्यात ती लपून बसलीय. टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग, आणि एखादं चाक ब्रेकमध्ये जाम होतंय का ते बघा. पाच-सहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवून आणा आणि चारही रिम्सजवळ हात धरा, एक बाजू चटका देत असेल तर चोर तिथे आहे. अ‍ॅव्हरेज काढताना त्याच पंपावर ऑटो कट होईपर्यंत टाकी फुल करूनच काढा, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका.

रबराची काळजी मात्र खरी आहे. तुमच्या काळातल्या गाड्या २० टक्क्यांसाठी बनवलेल्या नाहीत, तेव्हा सर्व्हिसिंगला पेट्रोलचे पाईप आणि ओ-रिंग फुगलेत का, चिरलेत का हे मुद्दाम बघायला सांगा आणि गाडीला पेट्रोलचा वास आला तर एक दिवसही थांबू नका. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका. बाटलीतल्या औषधाचे पैसे वाचवा, त्यात एअर फिल्टर येईल.

छत्रपती संभाजीनगर: समृद्धीवरून नागपूरला जायचंय. टायरची नक्षी छान आहे पण टायर २०१८ चे आहेत. मित्र म्हणतो सिमेंटचा रस्ता तापतो, हवा कमी करून जा.

उत्तर: मित्राचं ऐकू नका, उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेरीला जास्त दबते, ती दबण्यातूनच टायर तापतो, आणि तासाला १०० च्या वेगाने दोन-तीन तास तसंच गेलं की फुटतो. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर फुल लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो घरून निघताना, टायर थंड असताना भरा. वाटेत मोजलं तर तीन-चार पॉइंट वाढलेले दिसतील, ते साहजिक आहे, तिथे हवा सोडायची नाही. नायट्रोजन भरला तर बरं, नाही भरला तरी बिघडत नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. स्टेपनीची हवाही बघा, ती कोणी बघत नाही.

पण २०१८ चे टायर मी या रस्त्याला नेणार नाही. बाजूच्या कोडचे शेवटचे चार आकडे, समजा २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर असली तरी रबर म्हातारं होतं, बाजूला बारीक भेगा दिसतील. नागपूर नंतर, आधी टायर.

आणि डोंबिवलीहून एक ओळीचं पत्र, पण इतकं तळमळून लिहिलंय की घेतलंच पाहिजे: "उंदराने तिसऱ्यांदा वायरिंग खाल्लं."

उत्तर: तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, बाजारातला स्प्रे, सगळं करून लोक थकलेत, वास उडाला की उंदीर परत हजर. त्यातल्या त्यात उपयोग होतो तो खालून जाळी बसवण्याचा, गाडी कचऱ्याच्या डब्यापासून लांब लावण्याचा आणि रोज हलवण्याचा. कुरतडलेल्या वायरला नुसती टेप मारून घेऊ नका, जोड सोल्डर करून घ्या. आणि गाडीत वडापावचे कागद टाकणं बंद करा, तुम्ही लिहिलं नाहीत पण टाकत असणार.