गुडघ्याला लेझर लावावा का?

कापसाच्या वेचणीनं जोर धरला की गुडघे, कंबर आणि खांदे यांची पत्रं वाढतात, हे ठरलेलंच. यंदा मात्र आर्वीपासून दारव्ह्यापर्यंतच्या वाचकांनी फिरून फिरून एकच विचारलं आहे: लेझर, लाल लाइट, प्रकाशाचा उपचार. गावात मशीन आलं की चर्चा होणारच. त्यातली चार पत्रं इथं घेते.

प्रश्न : ताई, आई ५८ वर्षांची आहे. सारी उमर निंदणात आणि वेचणीत गेली. दोन्ही गुडघे दुखतात, उकिडवं बसवत नाही. फोटोत गादी घासली असं निघालं. तालुक्याला एका ठिकाणी लेझरच्या दहा बैठकांचं पॅकेज सांगतात, ऑपरेशन टळेल म्हणतात. पैसे भरावे का जी? (एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : ‘ऑपरेशन टळेल’ असं कोणी लेझरच्या भरवशावर सांगत असेल, तर खिशातला हात खिशातच ठेवा. घासलेली कूर्चा, म्हणजे तुम्ही म्हणता ती गादी, लेझरनं परत उगवत नाही. पण म्हणून लेझर म्हणजे निव्वळ थोतांड, असंही मी म्हणणार नाही. योग्य मात्रेत दिला तर दुखणं कमी होऊ शकतं, आणि दुखणं कमी झालं की व्यायाम करवतो. माझ्या लेखी त्याचा उपयोग एवढाच, पण तो खरा आहे.

हा उपचार नवा नाही. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टचे डॉक्टर एन्ड्रे मेस्टर उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर लेझर सोडून कॅन्सर होतो का ते बघत होते. कॅन्सर झाला नाही, उलट त्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून ही विद्या सुरू झाली. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, शोषला जातो, पेशीचं ऊर्जेचं काम सुधारतं, सूज आणि वेदना उतरायला मदत होते. कमी शक्तीच्या लेझरनं कातडीला गरम लागत नाही. ‘काहीच लागलं नाही ताई, मशीन बंद होतं का?’ असं बाया मला हमखास विचारतात. बंद नसतं.

गुडघ्याच्या झिजेवरच्या २२ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१९ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. त्यात दुखणं कमी झालेलं दिसलं ते मात्रा बरोबर असताना: ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेझरला एका जागी ४ ते ८ ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप), ९०४ च्या लेझरला १ ते ३ ज्यूल. हे युरियासारखं आहे. मूठभर टाकला तर पऱ्हाटीला (कपाशीला) कळतही नाही, पोतं ओतलं तर ती जळते.

म्हणून पैसे भरण्याआधी मशीनवाल्याला विचारा: तरंगलांबी किती, शक्ती किती, एका जागी किती ज्यूल देता? हिशेब सोपा आहे. १०० मिलिवॅटचं मशीन असेल तर ४ ज्यूलला ४० सेकंद लागतात. ऑनलाइन मिळणाऱ्या ५ मिलिवॅटच्या टॉर्चला त्याच ४ ज्यूलसाठी एका जागी तेरा मिनिटांवर धरून बसावं लागेल, आणि गुडघ्याला अशा जागा अनेक. तुमच्या प्रश्नावर समोरचा ‘फॉरेनचं मशीन आहे’ एवढंच सांगत असेल, तर त्याला ज्यूल माहीत नाहीत असं समजा.

उपचार चालू असताना बघायचं असं: मशीनचं टोक कातडीला टेकलेलं, सरळ उभं. लुगड्यावरून, पायजम्यावरून दिलेला लेझर वाया जातो. आईला आणि देणाऱ्याला दोघांनाही त्या मशीनचा चष्मा हवा. अवरक्त प्रकाश दिसतच नाही, त्यामुळं डोळा मिटतही नाही आणि आतल्या पडद्याला इजा होते. साधा गॉगल चालत नाही. अर्ध्या वॅटच्या वरची मशीन वर्ग ४ मध्ये, म्हणजे जास्त शक्तीच्या लेझरमध्ये, येतात. ती गरम लागतात, हात सतत फिरता ठेवावा लागतो, आणि उन्हानं रापलेल्या सावळ्या कातडीवर चटका लवकर बसू शकतो. भाजतंय वाटलं तर आईनं तिथल्या तिथं बोलावं. आपल्या बाया सोसत बसतात.

आता खरं औषध, ज्याला पॅकेज लागत नाही. बाजेवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची वळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबून पाच-सात सेकंद धरायचा. मांडीचा पुढचा स्नायू टणक झाला पाहिजे, आईच्या मांडीवर हात ठेवून बघा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते जमलं की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. शेवटचे दोन वेळा थोडं जड जाईल इतपत. निंदण उकिडवं न करता छोट्या पाटावर बसून करता आलं तर करू द्या, आणि संडासात खुर्चीची सोय करा. दीड-दोन महिने हे नेमानं करूनही रात्री झोप मोडत असेल, तर सेवाग्रामला किंवा सावंगी मेघेला हाडांच्या ओपीडीत दाखवा. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी.

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून शुगर आहे. पाय दुखतात म्हणून घरीच लाल बल्ब लावून शेकत होतो. पोटरीवर फोड आला, पण त्यांना कळलंच नाही. आता शेक बंद करू की लांबून देऊ? (एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर : बंद. आणि फोड फोडू नका, त्यावर हळद-टूथपेस्ट काही लावू नका, आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. शुगरवाल्याच्या पायावरचा फोड उद्यावर टाकायचा नसतो.

‘कळलंच नाही’ यातच सगळं आलं. त्यांच्या पायाची जाणीव गेली आहे. आम्ही शेक देण्याआधी दोन काचेच्या नळ्यांत पाणी घेतो, एकीत गार, एकीत कोमट. पेशंटनं डोळे मिटायचे, आम्ही आलटून पालटून टेकवायच्या, त्यानं गार की गरम ते सांगायचं. ज्याला ओळखता येत नाही त्याला दिवा नाही, लांबूनही नाही.

तो बल्ब म्हणजे लेझर नव्हे. २५० वॅटचा तो दिवा मुख्यतः उष्णता देतो, तीही कातडीच्या काही मिलिमीटर आतपर्यंत. जाणीव शाबूत असणाऱ्यानं तो लावायचा तर दीड-दोन फुटांवर, बाजूनं, पंधरा-वीस मिनिटं. डोक्यावर टांगून नाही, बल्ब फुटला तर काच अंगावर पडते. आणि बाम चोळून त्यावर दिवा लावणं तर आधी सोडा. भाजण्याच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : भावाला खर्र्यानं (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं) तोंडाचा कॅन्सर झाला. नागपूरला शेकाई (रेडिएशन) सुरू होणार आहे. तोंडात फोड येऊ नयेत म्हणून डॉक्टर तोंडाला लेझर देऊ म्हणतात. पण लेझरनं कॅन्सर वाढतो असं आमच्याकडं एक जण म्हणतो. (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : तो जण अगदीच चुकीचं बोलत नाही. गुडघ्या-खांद्याचे पेशंट बघताना आम्ही कॅन्सरच्या गाठीच्या जागेवर लेझर देत नाही, तो नियमच आहे. पण तुमच्या भावाची गोष्ट वेगळी आहे. डोक्या-मानेच्या रेडिएशननं तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही, उपचार मध्येच तुटायची वेळ येते. ते टाळण्यासाठी ठरलेल्या मात्रेत तोंडात लेझर द्यावा, अशी शिफारस कॅन्सर-रुग्णांच्या आधार-उपचारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. हे काम रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावं, कारण गाठ नेमकी कुठं आहे ते त्यांनाच माहीत असतं. ‘जवळ पडतं’ म्हणून गावातल्या फिजिओकडं जाऊ नका. माझ्याकडंही नको.

माझ्याकडून एक काम मात्र घ्या. खर्रा खाणाऱ्याचं तोंड बहुधा आधीच कमी उघडतं, रेडिएशननंतर जबडा आणखी आवळतो. आज आरशापुढं बघा, भावाची तीन बोटं उभी तोंडात जातात का. जात नसतील तर डॉक्टरांना ते सांगा आणि जबड्याचे व्यायाम रेडिएशन सुरू व्हायच्या आधीच शिकून घ्या. मागून उघडणं फार जड जातं. आणि घरातल्या इतरांचा खर्राही बंद व्हावा, भावासमोर पुडी सोडणं तरी नको.

प्रश्न : लेझर म्हणजे प्रकाशच, तर सकाळच्या उन्हात गुडघे उघडे करून बसलं तर फुकटात होणार नाही का? (एक वाचिका, ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती)

उत्तर : विचार भारी केला, बाई. उन्हात तांबडा आणि अवरक्त प्रकाश असतोच. पण तो इतर सगळ्या उन्हासोबत येतो, एका जागी मोजून देता येत नाही, आणि मात्रा गाठेस्तोवर अंग तापतं. थंडीत कोवळ्या उन्हात सांधे मोकळे वाटतात, तेवढ्यासाठी खुशाल बसा. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर ते वेगळ्या किरणांचं काम, आणि ते किरण सकाळी सातला फारसे नसतात, दुपारकडं असतात. चैत्र-वैशाखात मात्र हा प्रयोग नको. आणि वेचणीच्या बायांना आणखी उन्हात बसा म्हणून सांगायला मी धजणार नाही. त्यांच्यातल्या कुणाची हाडं सतत ठणकत असतील, तर रक्त तपासून घ्यावं.