घरात कोणालाच नसताना मुलीला चष्मा का लागला?

ताई, मुलगी आठवीत, घरात कोणालाच चष्मा नाही, राहता खेड्यात, तरी वर्षभरात नंबर उणे एकवरून उणे दोनवर गेला. तुमची काळजी रास्त आहे. सासूबाई म्हणतात, पालेभाज्या खात नाही म्हणून झालं. भाज्या जरूर द्या, पण अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. लांबचं न दिसण्याचं कारण वेगळं आहे.

यात डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला प्रमाणाबाहेर लांबतो. जन्मतः तो साधारण 17 मिलिमीटर असतो, मोठेपणी 24च्या आसपास थांबायला हवा. त्यापुढे एक मिलिमीटर वाढला तरी नंबर अडीच-तीनने चढतो, कारण प्रतिमा डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. शाळांमधल्या तपासणीत मी नेहमी बघतो: पोरगी तक्त्यासमोर डोळे बारीक करते आणि खालची ओळही बरोबर वाचते. पापण्यांच्या फटीतून पसरट किरण अडतात, म्हणून तेवढ्यापुरतं स्पष्ट दिसतं. "डोळे नीट उघड" म्हटलं की वरच्याच ओळीत अडते. घरचे म्हणतात, तिला मिचमिचायची सवयच आहे. ती सवय नाही हो, तिला फळा दिसत नाही!

आई-वडिलांना चष्मा असला तर शक्यता वाढते. नसताना लागतो तो बहुतेक वेळा सतत जवळचं बघण्याने आणि उघड्यावरच्या उजेडात कमी राहिल्याने. मोबाईलचं सगळ्यांना पटतं, उजेडाचं पटत नाही. 2008 साली सिंगापूर आणि सिडनीतल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापुरात 29 टक्के मुलांना उणे नंबर होता, सिडनीत 3.3 टक्के. वाचन सिडनीच्या मुलांचंच जास्त होतं, पण ती आठवड्याला जवळपास 14 तास बाहेर असत, सिंगापूरची तीनच.

आपल्याकडे मार्च लागला की पोरं कूलरसमोर मोबाईल घेऊन बसतात. नवतपात कोण बाहेर सोडणार, आणि सोडूही नये. पण डोळ्याला उजेड हवा, ऊन नको. वर्गात जेमतेम 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर निंबाच्या सावलीतही त्याच्या कितीतरी पट. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर अंगणात, वावरात मिळून दोन तास जाऊ द्या.

बाहेरच्या उजेडाने आधीच लागलेला नंबर उतरत नाही. खरा फायदा नंबर लागण्याआधी होतो, म्हणून पहिलीतल्या धाकट्यासाठी हे आजच सुरू करा.

मुलीला चष्मा पूर्ण नंबराचाच द्या. कमी नंबराचा दिल्याने वाढ थांबते हा समज मुलांवरच्या अभ्यासांत टिकलेला नाही. वर्षाला एक नंबर ही वाढ वेगाची आहे, तेव्हा कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिनबद्दल, म्हणजे नंबराची वाढ मंद करायला डोळ्यात टाकायच्या थेंबांबद्दल, नेत्रतज्ज्ञांना विचारा. आणि नंबर बाहुली मोठी करणारे थेंब टाकूनच काढायला सांगा, नाहीतर मुलांचा उणे नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघू शकतो.