मेडिसिन घेतलं की डीएम करावंच लागतं का?

प्रश्न: मुलगी एमबीबीएसची इंटर्नशिप करते आहे. तिला एमडी मेडिसिनच करायचंय. नातेवाईक म्हणतात, रेडिऑलॉजी किंवा स्किन घे. मेडिसिन घेतलंस तर रात्रीची झोप गेली आणि वर डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) करावंच लागेल. काय करावं? – एक पालक, लातूर

उत्तर: झोपेचं नातेवाईक खरं बोलतात. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षात इमर्जन्सीच्या दिवशी जेवणाचीही खात्री नसते. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोने वॉर्ड भरला की खाटांच्या मधल्या जागेतही गाद्या पडतात. वर थिसिस आहेच.

डीएमचं मात्र अर्धंच खरं. एमडीची ३ वर्षं झाल्यावर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन कार्डिऑलॉजी (हृदय), नेफ्रॉलॉजी (किडनी) वगैरेत आणखी ३ वर्षं घालता येतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत नुसत्या एमडीला थोडं मागे राहावं लागतं, हे मान्य. तालुक्याच्या गावी चित्र वेगळं. सत्तरीचे आजोबा येतात. शुगर, बीपी, पायांवर सूज, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. सोबत तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या. फिजिशियन, म्हणजे एमडी मेडिसिन झालेला डॉक्टर, गोळ्यांची पिशवी टेबलावर ओततो आणि गुडघ्यासाठी परस्पर मेडिकलमधून आणलेली पेनकिलर आधी बाजूला काढतो. किडनीला तीच नडत असते. सगळा माणूस एकत्र बघणारा हा डॉक्टर गावाला रोज लागतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर एमडी मेडिसिनच. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत. विषाने हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या रक्तदाबाच्या जुन्या गोळीने उतरवता येतो, हे त्यांनी दाखवलं. 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, तेही महाडात प्रॅक्टिस करता करता. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलीला एकच विचारा: मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये ड्यूटी संपल्यावरही एखाद्या पेशंटचा रिपोर्ट बघायला ती थांबायची का? थांबत असेल, तर नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा. निदानाचं कोडं आवडतं पण पेशंटशी बोलायचा कंटाळा येतो, असं ती म्हणाली, तर रेडिऑलॉजीचा विचार जरूर करावा.

एमडीच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे नीट-पीजीत, मेडिसिनच्या जागा लवकर संपतात, म्हणून प्रेफरन्स भरताना डीएनबीच्या जागाही घालायला सांगा. डीएनबी हीसुद्धा एमडीसारखीच ३ वर्षांची मान्यताप्राप्त पदवी आहे. फक्त प्रत्येक हॉस्पिटलच्या सध्याच्या रेसिडेंटला तिने स्वतः फोन करावा. तिथे जनरल वॉर्ड आणि ओपीडी भरपूर मिळते, की तीन वर्षं नुसता आयसीयू सांभाळावा लागतो, एवढं त्याच्याकडून काढून घ्यावं.