मुठेत महाशीर सोडायचे का?

प्रश्न : माझा मुलगा न्यूकॅसलला असतो. तिथल्या टाईन नदीत म्हणे एकेकाळी मासा औषधालाही उरला नव्हता आणि आता सॅमन, सी ट्राउट बांधावरून उड्या मारताना दिसतात, त्याने व्हिडिओ पाठवलाय. हॅचरीत पिल्लं वाढवून सोडली म्हणून हे झालं असं तो सांगतो. आमच्या सोसायटीतले काहीजण वर्गणी काढून मुठेत महाशीर माशाचं बीज (म्हणजे पिल्लं) सोडायचं म्हणतायत. करावं का?
— एक ज्येष्ठ वाचक, सिंहगड रोड

उत्तर : काका, वर्गणी जरूर काढा, पण मासे सोडायला नको.

टाईनची गोष्ट खरी आहे, फक्त अर्धी सांगितली गेलीय. 1950 च्या दशकात टाईनच्या खाडीत उन्हाळ्यात ऑक्सिजन जवळजवळ संपायचा, कारण सगळ्या शहराचं मैलापाणी थेट नदीत जायचं. मग नदीकाठाने मोठ्या वाहिन्या टाकून ते अडवलं आणि 1980 च्या सुमारास शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. टाईनच्या वरच्या भागातल्या किल्डरची हॅचरीही त्याच काळातली, तिथल्या धरणाची भरपाई म्हणून काढलेली, त्यामुळे श्रेय तिला मिळतं. पण नंतर हिशोब मांडला तेव्हा परतलेल्या माशांत हॅचरीचा वाटा थोडाच निघाला, खरं काम स्वच्छ झालेल्या खाडीनं केलं होतं. थेम्समध्ये तर 1979 पासून वर्षानुवर्षं पिल्लं सोडली आणि 2011 साली जनुकीय तपासणीचे निष्कर्ष आले तेव्हा कळलं की तिथे सापडणारे सॅमन सोडलेल्या पिल्लांचे नाहीतच, शेजारच्या नद्यांतून वाट चुकून आलेले आहेत!

असं का होतं ते सॅमनची मादी अंडी कशी घालते त्यावरून कळतं. ती वाहत्या, उथळ पाण्यात आडवी होऊन शेपटी आपटत खडी उकरते, खड्ड्यात अंडी घालते आणि वरून परत खडी लोटते. पुढचे काही महिने अंडी त्या खडीच्या आत असतात, फटींतून गार पाणी खेळत राहिलं तरच जगतात. फटीत गाळ बसला की गुदमरली. सी ट्राउटचंही तसंच, तो म्हणजे समुद्रात जाऊन आलेला ब्राउन ट्राउटच. (आणि एवढं करूनही आता समुद्रात सॅमन जास्त मरतायत, त्यामुळे ब्रिटनमधली संख्या पुन्हा घसरतेय. वाईट वाटतं.)

आपला महाशीर समुद्रात जात नाही, पण पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि त्यालाही स्वच्छ, ऑक्सिजनवालं पाणी आणि दगडगोटेच लागतात. आता उन्हाळ्यात भिडे पुलाच्या आसपास पात्रात उतरा आणि एक दगड उलटवून बघा. खाली काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास आणि लालसर किडे. तिथे अंडं टिकणार कसं? आणि वर चढायचं म्हटलं तर पुढे खडकवासला धरण, त्याच्याही वर पानशेत, वरसगाव, टेमघर. मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं की कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 मध्ये या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्याच माशावरून. म्हणजे हा मासा मूळचा इथलाच, आपणच त्याला घालवलाय.

शिवाय बीज कुठून आणणार हाही प्रश्न आहेच. लोणावळ्याच्या हॅचरीतलं महाशीर 1970 च्या दशकापासून कावेरीत सोडलं गेलं, हेतू चांगलाच होता, पण ते तिथे फोफावलं आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर मागे पडत गेला, 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणून म्हणते, मासे सोडायचा निर्णय सोसायटीच्या मीटिंगमध्ये नको, तो मत्स्य विभाग आणि अभ्यासकांवर सोडा.

वर्गणीतून विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट घ्या. तुमच्या भागातला जो नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला दर महिन्याला, शक्यतो पहाटे मोजा, कारण ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली गेला की अशा माशांचे हाल सुरू. तारखेसकट आकडे लिहून ठेवा, फोटो काढा आणि ते घेऊन नगरसेवकाकडे, महापालिकेत जा, माहिती अधिकारात विचारा की या नाल्याचं पाणी कुठल्या केंद्रात जातं आणि पावसाळ्यात किती न शुद्ध करता सोडतात. वर्षभराचे आकडे हातात असले की टोलवाटोलवी करणं अवघड जातं.

प्रश्न : टँकमधला सकर मासा फूटभर झालाय. मारवत नाही. नदीत सोडला तर चालेल ना?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही, प्लीज नको. सकर घाण पाण्यातही तगतो, तोंडाने हवा घेतो, काठात बिळं करतो, अंगावर कवच असल्याने त्याला खाणारंही फारसं कोणी नाही. दुकानदाराला परत घेतो का विचारा, नाहीतर मोठा टँक असलेला कोणीतरी शोधा. तलावात आणि विहिरीतही सोडू नका.