मॅकेननी सारा पेलिनना निवडलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, २००८ ला रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेननी सारा पेलिनना रनिंग मेट, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवार, केलं तेव्हा पहिली रिअॅक्शन काय होती आणि मॅकेन त्यांच्यामुळेच हरले का. मी तेव्हा ओहायोत, कोलंबसला होतो, एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे मत द्यायचा प्रश्नच नव्हता, नुसती मजा बघायची.

पहिली रिअॅक्शन म्हणजे "कोण??" एवढीच. ऑफिसमधे जवळपास सगळ्यांचीच. २९ ऑगस्ट, शुक्रवार, पुढे लेबर डेचा लाँग वीकेंड त्यामुळे तसंही कोणी काम करत नव्हतं, आदल्या रात्री डेन्व्हरला खच्चून भरलेल्या स्टेडियममधे ओबामांचं भाषण झालेलं, दिवसभर त्याचीच चर्चा चालणार असं वाटत होतं तेवढ्यात बातमी आली की अलास्काच्या गव्हर्नर. लोक रॉम्नी नाहीतर पॉलेंटी या रिपब्लिकन नेत्यांना धरून बसलेले! घोषणा आमच्यापासून तासा-सव्वा तासावर डेटनला झाली. पेलिनबाईंनी पहिल्याच भाषणात हिलरींना ओबामांविरुद्धच्या पक्षांतर्गत लढतीत मिळालेल्या १ कोटी ८० लाख मतांचा उल्लेख केला, म्हणजे गळ कोणासाठी टाकलाय ते लगेच कळलं.

आमच्या टेस्टिंग टीममधे एक बाई होत्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, मॅकेनचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. त्या एकदम खूश, मंगळवारी आल्या आणि म्हणाल्या घरासमोर मॅकेन-पेलिनचा बोर्ड लावला. आणि आमचा मॅनेजर, मॅकेनचा जुना भक्त, तो मात्र कपाळाला हात लावून बसलेला. म्हणाला, आता ओबामाला अनुभव नाही असं आम्ही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं. मॅकेन कित्येक महिने एकच गोष्ट सांगत होते, हा पोरगा तयार नाहीये, जग धोकादायक आहे, अनुभवी माणूस पाहिजे. ते बऱ्यापैकी चालतही होतं. आणि मग स्वतःच्या ७२ व्या वाढदिवसाच्या दिवशी (हो, २९ ऑगस्टच), त्वचेच्या कॅन्सरची ऑपरेशन्स झालेली असताना, आपल्यानंतर खुर्चीवर बसायला त्यांनी कोणाला निवडलं तर गव्हर्नर होऊन दोन वर्षंही न झालेल्या आणि त्याआधी वसिला नावाच्या, दहा हजारही वस्ती नसलेल्या गावाच्या मेयर असलेल्या बाईंना. स्वतःचा हुकमाचा एक्का स्वतःच फाडून टाकला.

पण लोक म्हणतात तसा हा निव्वळ वेडेपणा नव्हता. बुशमुळे पक्षाचं नाव खराब झालेलं, चर्चवाला मतदार मॅकेनवर कधीच खूश नव्हता, सभांना गर्दी नाही, काहीतरी धमाका करणं भाग होतं. मॅकेनना मनापासून हवे होते जो लिबरमन, पूर्वीचे डेमोक्रॅट आणि तेव्हा अपक्ष सिनेटर, पण ते गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, त्यांचं नाव नुसतं चर्चेत आलं तरी पक्षात बंड व्हायची वेळ आली. मग शेवटच्या काही दिवसांत पेलिन. त्याआधी मॅकेन त्यांना एकदाच ओझरतं भेटले होते, मग एक फोन आणि घोषणेच्या आदल्या दिवशी अॅरिझोनातल्या फार्मवर भेट, झालं. आपल्याकडे कांदेपोहे खाऊनसुद्धा लोक याच्यापेक्षा जास्त चौकशी करतात हो.

आणि सुरुवातीला हे चाललं ना! ३ सप्टेंबरचं सेंट पॉलच्या पक्ष अधिवेशनातलं पेलिनचं भाषण जबरदस्त होतं, त्यानंतर काही पोलमधे मॅकेन पुढेही गेले. मग टीव्ही पत्रकार केटी कूरिकने घेतलेला पेलिनचा इंटरव्ह्यू आला. कुठले पेपर, मॅगझिन वाचता एवढा साधा प्रश्न, आणि उत्तर काय तर सगळेच, जे समोर येतील ते. एकाही पेपरचं नाव नाही. मी ते बघताना अक्षरशः अवघडून गेलो. (जाता जाता, "माझ्या घरातून रशिया दिसतो" हे पेलिन बोललेल्याच नाहीत, ते टीना फे ही विनोदी अभिनेत्री त्यांची नक्कल करताना बोलली. पेलिन म्हणाल्या होत्या की अलास्कातल्या एका बेटावरून दिसतो, आणि ते खरं आहे. आपले व्हॉट्सअॅपवाले अजून ते वाक्य त्यांच्या नावावर खपवतात.) ओबामांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बायडन यांच्याबरोबरची पेलिनची डिबेट साधारण ७ कोटी लोकांनी बघितली, ओबामा-मॅकेनच्या तिन्ही डिबेटपेक्षा जास्त. बहुतेक लोक त्या कुठे अडखळतात ते बघायलाच बसले असणार.

आता हरले का त्यांच्यामुळे? नाही. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि त्याच दिवशी मॅकेन सभेत बोलून गेले की अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे. आमच्या ऑफिसात लोक रिटायरमेंटच्या खात्याचा स्क्रीन उघडून डोकं धरून बसलेले, त्यांना पेलिनशी काय घेणंदेणं. नुकसान झालं ते कुंपणावरच्या लोकांत. ऑक्टोबरमधे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलनी, स्वतः रिपब्लिकन असून, ओबामांना पाठिंबा देताना सरळ सांगितलं की पेलिन राष्ट्राध्यक्ष व्हायला तयार नाहीत. आमच्या मॅनेजरने त्या आठवड्यापासून राजकारणावर बोलणंच बंद केलं.

मॅकेननी पुढे २०१८ ला लिहिलं की लिबरमनना घेतलं नाही याची खंत आहे. मला नाही पटत, लिबरमन असते तर सेंट पॉललाच राडा झाला असता आणि त्या टेस्टिंगवाल्या बाई मतदानाला गेल्या नसत्या. पॉलेंटींना घेतलं असतं तरी हरलेच असते, फक्त थोडं जवळून, इंडियाना राज्य तर नक्कीच राहिलं असतं, ते जेमतेम एका टक्क्याने गेलं होतं.