तुळशीची पानं वळली म्हणून लगेच पंप उचलू नका

प्रश्न (करवीर तालुका): उसाला लागून पंधरा गुंठे कृष्ण तुळस आहे. शेंड्याची पानं वळलीत, काळे ठिपकेही दिसतात. दुकानदारानं कीटकनाशक, टॉनिक आणि युरिया सांगितलाय. फवारू का? कापणी कधी करावी? अनुदानासाठी कुणाला भेटू?

उत्तर: फवारू नका. बाटलीच्या लेबलावर तुळस छापलीय का, ते आधी वाचा. नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, ती बाटली परत करा. तुळशीचं पान लोक कच्चं चावतात, सर्दीला आलं-मिरी घालून काढा करतात, खोकल्याला रस मधातून देतात. तुम्ही मारलेलं औषध थेट त्या पेल्यात उतरणार.

आता पान उलटं करा. खाली बारीक, जाळीदार पंखांचे किडे आणि काळे चिकट ठिपके दिसले तर तो जाळीदार ढेकूण. लागलेले शेंडे खुडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून बाहेर न्या, बांधावर टाकू नका. मग ५ टक्के निंबोळी अर्क मारा, संध्याकाळी, पानाच्या खालून. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळा, थोडं साबणाचं पाणी घालून १०० लिटर करा. दुप्पट कडक केला म्हणून दुप्पट गुण येत नाही, कोवळी पानं मात्र करपतात.

किडा नाही, पण शेंडे पिळवटलेत, पानं अरुंद झालीत आणि तेही फक्त उसाच्या बाजूनंच? मग ते टू-फोर-डी, म्हणजे उसात मारतात ते तणनाशक. आपल्या भागात हे मी सारखं बघतो. शेजारी भर वाऱ्यात तणनाशक मारतो, किंवा त्याच पंपानं आपणच तुळस फवारतो. यावर कुठलंही टॉनिक चालत नाही. टॉनिकवर पैसे घालू नका. वाकडे शेंडे काढा, नवी फूट येऊ द्या, आणि तो माल विकू नका, घरातही वापरू नका. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. वेगळा म्हणजे वेगळाच, धुतलेला चालत नाही.

युरिया उसाला टाका. तुळशीला जादा दिला की पान लुसलुशीत होतं, कीड वाढते आणि वाळवताना काळं पडतं. कुजलेलं शेणखत पुरे.

कापणी भर मंजिरीत, जमिनीपासून वीतभर ठेवून. पावसात नको, दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की करा. सावलीत पातळ पसरा. पान मुठीत कुरकुरीत मोडलं की पोत्यात भरा.

अनुदानाचं: सातबारा, आठ-अ घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा. खरेदीदार ठरल्याशिवाय क्षेत्र वाढवू नका.

घरच्या काढ्याबद्दल एवढंच: वर्षाआतल्या बाळाला मध देऊ नका, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्या.