डॉसमध्ये मुळात नेटवर्क नव्हतं, मग ते बसवलं कसं?

तुमचा प्रश्न असा की डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम, एका वेळी एकच प्रोग्राम चालवायचा, तर मग नव्वदीत त्यावर फाइल शेअरिंग कसं चालायचं आणि ते लिहिताना अडचण कुठे यायची. त्या सुमारास मी नागपुरात एका छोट्या कंपनीत हेच काम करायचो. गिऱ्हाईकं बहुतेक इतवारीतले ठोक व्यापारी.

सगळा मामला फसवणुकीचा. कुठलाही प्रोग्राम फाइल उघडायला इंटरप्ट २१एच बोलावतो, म्हणजे त्या ठरलेल्या नंबरावर डॉसला हाक मारतो (एच म्हणजे हेक्स आकडा). आमचा टीएसआर (एकदा चालवला की मेमरीतच राहणारा प्रोग्राम) आधीच मेमरीत ठाण मांडून बसलेला असायचा. तो ही हाक मध्येच झेलायचा. ड्राइव्ह एफ, म्हणजे सर्व्हरवरची डिस्क, असेल तर मागणी केबलवरून सर्व्हरकडे, नाहीतर गुपचूप डॉसकडे. नॉव्हेल या नेटवर्क कंपनीचा नेटएक्स प्रोग्राम असाच चालायचा. मायक्रोसॉफ्टने डॉस ३.१ मध्ये, म्हणजे १९८४ साली, रीडायरेक्टरसाठी (अशा मागण्या नेटवर्ककडे वळवणारा प्रोग्राम) इंटरप्ट २एफएचमध्ये रीतसर जागा करून ठेवली होती, पण तिची माहिती मॅन्युअलमध्ये नव्हती. डीबग हे डॉसचं तपासणीचं साधन लावून कोड उकलत बसायचं.

खरी डोकेदुखी सर्व्हरच्या बाजूला. केबलवरून डेटाचं पॅकेट आलं की नेटवर्क कार्ड इंटरप्ट देणार, म्हणजे चालू काम मध्येच थांबवायला लावणार, आणि नेमका त्याच क्षणी डॉस डिस्कवर लिहीत असला तर? डॉस री-एंट्रंट नाही. एक काम अर्धवट असताना दुसरं सांगितलं की त्याचा स्टॅक (अर्धवट कामाच्या नोंदींची जागा) उधळलाच. म्हणून इंटरप्टमध्ये फक्त पॅकेट आपल्या बफरात उचलून ठेवायचं नि सटकायचं. डिस्कचं काम इनडॉस फ्लॅग (डॉस कामात असल्याची खूण) शून्य झाल्यावर, किंवा डॉस रिकामा बसून इंटरप्ट २८एच देतो तेव्हा. त्यातही फार रेंगाळून चालायचं नाही. एनई२००० या नेटवर्क कार्डावर मेमरी अवघी १६ केबी, ती भरली की पुढची पॅकेटं गेली. आणि हे सगळं डॉसच्या ६४० केबी मेमरीच्या आत, बिलिंगच्या प्रोग्रामला जागा सोडून. त्यामुळे सी भाषा नाही, थेट प्रोसेसरच्या सूचनांची असेम्ब्ली.

केबलचे नि कार्डावरच्या जंपरचे (सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) ताप वेगळेच. कार्ड आयआरक्यू ३ या इंटरप्ट लाइनवर ठेवलं की कॉम २ या सीरियल पोर्टशी भांडण ठरलेलं. केबलच्या टोकाचा ५० ओमचा टर्मिनेटर कुणी काढला की सगळं दुकान बंद. त्यात लिहिण्यासारखं फारसं नाही.

लॉकिंगचा किस्सा मात्र सांगतो. दोन टेबलांवर दोन दिवाणजी, बिल नंबरची फाइल एकच. दोघांनी एकदम वाचली तर एकाच नंबराची दोन बिलं. त्यावर डॉसने शेअर नावाचा प्रोग्राम आणि इंटरप्ट २१एचचं ५सीएच फंक्शन दिलं होतं: फाइलचे अमुक बाइट इतक्यापुरते माझे. पण दुसऱ्याने तेच बाइट वाचायला घेतले की डॉस थोडे प्रयत्न करून थेट स्क्रीनवर विचारायचा, ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ दिवाणजी पहिलं अक्षर दाबणार, म्हणजे ए. अख्खा प्रोग्राम बंद, टाइप केलेलं बिल गायब, आणि वर आम्हालाच, ‘काहून जी, मशीननं पावती खाल्ली का?’

उपाय दोन होते. फंक्शन ४४०बीएचने डॉसचे प्रयत्न आणि त्यांच्यातलं अंतर वाढवायचं, आणि इंटरप्ट २४एच (डॉस अशा अडचणीत बोलावतो तो) आपल्या ताब्यात घेऊन तो प्रश्न माणसापर्यंत पोचूच द्यायचा नाही. आम्ही दोन्ही केलं. स्क्रीनवर नुसतं ‘थांबा’ यायचं. माझ्या मते प्रोटोकॉलपेक्षा हे काम मोलाचं होतं. पॅकेट कसं जातं याची पुस्तकं मिळायची, दिवाणजीसमोर काय यावं याचं एकही नाही.

हात घालून बघायचं असेल तर क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) फ्रीडॉस हा मोफत डॉस टाका, जुन्या आयएसए स्लॉटचं एनई२००० कार्ड त्यात मिळतं. आणि मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये एमएस-डॉस ४.०० चा सोर्स एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली खुला केलाय. त्यात शेअरचा असेम्ब्ली कोड शोधा, लॉक तपासणारा भाग आधी वाचा.